५सीबी + एस-८११ : इलेक्ट्रिक फील्डने के-२२ काढतोय, उत्तर अडीच पट येतंय, कुठे चुकतंय?

पीळ_उलगडेना

नमस्कार मंडळी, तीन आठवडे एकाच आकड्यावर अडकलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. लांबलचक झालंय पण प्लीज वाचा.

मला कोलेस्टेरिक (ज्यात रेणू स्क्रूसारखे पिळत जातात त्या) लिक्विड क्रिस्टलचा ट्विस्टचा इलॅस्टिक कॉन्स्टंट, म्हणजे पीळ ताणायला किती जोर लागतो तो के-२२, काढायचाय. होस्ट आपलं नेहमीचं ५सीबी (साधं नेमॅटिक, म्हणजे रेणू एका दिशेने पण पीळ नाही), त्यात वजनाने साधारण १.८ टक्के एस-८११ हा पीळ आणणारा डोपंट घातलंय. पिच (एका पूर्ण वेढ्याची लांबी) वेज, म्हणजे पाचरीसारख्या, सेलमध्ये मोजली, वेजचा उतार ०.०१ आहे आणि रेषा दर २५० मायक्रॉनवर येतात, दोन रेषांमध्ये जाडी अर्ध्या पिचने वाढते हे धरून पिच बरोब्बर ५ मायक्रॉन येते. हे तीनदा केलं, तिथे गडबड नाही असं मला वाटतं.

मग २० मायक्रॉनचा प्लेनर सेल घेतला, दोन्ही काचांवर आयटीओ (पारदर्शक इलेक्ट्रोड), वर रेणूंना आडवं धरणारं रब केलेलं पॉलिइमाइड, म्हणजे हेलिक्सचा अक्ष काचेला काटकोनात उभा. १ किलोहर्ट्झ साइन वेव्ह, तापमान २५ अंश. क्रॉस्ड पोलरायझरखाली बघत बघत व्होल्टेज वाढवत गेलो. आधी काहीच नाही, मग एकदम चौकटीचौकटीची जाळी उमटते, मग ती मोडून फिंगरप्रिंटसारख्या वळवळत्या रेषा, त्या विरळ होत जातात, आणि शेवटी ११.९ व्होल्टला सगळं काळं. म्हणजे पीळ पूर्ण सुटला, सगळे रेणू फील्डच्या दिशेने उभे.

हे ११.९ मी द जेनच्या (पीळ पूर्ण सुटतो त्या फील्डच्या) सूत्रात टाकले:

क्रिटिकल फील्ड = (पाय वर्ग ÷ पिच) × √( के-२२ ÷ (एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन) )

डेल्टा-एप्सिलॉन (रेणूच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेतल्या डायलेक्ट्रिक कॉन्स्टंटमधला फरक) ११.५ धरला. के-२२ आला ९.२ पिकोन्यूटन!! ५सीबीचा या तापमानाला ३ ते ४ च्या मध्ये कुठेतरी यायला हवा, मी ३.५ धरून चाललो होतो. ९.२ म्हणजे के-३३ (वाकण्याचा, बेंड कॉन्स्टंट) च्या पण वर गेला की राव. गाइडना दाखवायची हिंमत होत नाहीये.

अजून एक, व्होल्टेज कमी करत आलो की काळेपणा ११.९ ला जात नाहीच, खूप खालीपर्यंत तसाच राहतो आणि मग काठाकडून रेषा सरपटत आत येतात. मग नक्की थ्रेशोल्ड कुठला धरायचा, चढतानाचा की उतरतानाचा? आणि ती सुरुवातीची जाळी येते त्या व्होल्टेजवरून थेट के-२२ काढता येतो का? तो आकडा तरी दर वेळी सारखा येतो, म्हणून मोह होतोय.

---

जुनाट_ऑसिलोस्कोप

बाकीचं नंतर, आधी एक सांग. ११.९ हे आरएमएस आहेत का पीक?

विचारतोय कारण डायलेक्ट्रिक टॉर्क फील्डच्या वर्गावर चालतो, १ किलोहर्ट्झला डायरेक्टरला (रेणूंच्या सरासरी दिशेला) प्रत्येक सायकलचं काही कळत नाही, त्याला जाणवतो तो सरासरी वर्ग. म्हणजे आरएमएसच लागणार. आणि के-२२ व्होल्टेजच्या वर्गावर जातो, त्यामुळे पीकच्या जागी आरएमएस घेतलं नाहीस तर उत्तर थेट दुप्पट. स्कोपच्या पडद्यावर उंची मोजून वहीत लिहिली असशील तर तिथेच अर्धा आजार आहे. ११.९ पीक असतील तर आरएमएस झाले ८.४, त्यावरून के-२२ येतो ४.६. अजून जास्तच आहे पण निदान माणसात आला.

दुसरं, जनरेटरच्या डिस्प्लेवर कधी विश्वास ठेवू नकोस. बऱ्याच जनरेटरना वाटत असतं की समोर ५० ओहमचा लोड आहे, आणि तुझा सेल तर जवळपास उघडं सर्किट, मग सेलवर प्रत्यक्षात दाखवतो त्याच्या दुप्पट व्होल्टेज असतं. मी स्वतः यात एक अख्खा महिना घालवलाय, के-११ (पसरण्याचा, स्प्ले कॉन्स्टंट) एक चतुर्थांशच येत होता आणि मी मटेरियललाच शिव्या घालत होतो. सेलच्या तारांवरच मीटर लाव, ट्रू आरएमएसवाला.

---

सरळसोट

इतका त्रास कशाला? प्लेनर सेलमध्ये फ्रीडरिक्स थ्रेशोल्ड, म्हणजे आडवे रेणू उचलायला लागतात ते व्होल्टेज, मोज की. साध्या नेमॅटिकला पाय गुणिले √(के-११ ÷ (एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन)), ५सीबीला पाऊण व्होल्टच्या थोडं वर येतो. पीळ असलेल्या सेलसाठी याचंच वाढवलेलं लेस्लीचं सूत्र आहे, त्यात के-११, के-२२, के-३३ तिन्ही आहेत. के-११ आणि के-३३ माहीत असले की के-२२ आपोआप. कपॅसिटन्स मोजत व्होल्टेज वाढव, जिथे वळण घेतो तो थ्रेशोल्ड, संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

---

अर्धवट_गणिती

@सरळसोट तुमचं सूत्र बरोबर आहे पण या सेलला ते लावलं तर के-२२ हातात येणार नाही, आणि याचं कारण इतकं मजेशीर आहे की जरा सविस्तर लिहितो.

सूत्र असं: थ्रेशोल्ड व्होल्टेजचा वर्ग × एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन = पाय वर्ग × के-११ + (के-३३ वजा दोन के-२२) × फाय वर्ग + चार पाय × के-२२ × (जाडी ÷ पिच) × फाय. इथे फाय म्हणजे वरच्या काचेपासून खालच्या काचेपर्यंतचा एकूण पीळ.

आता तुझ्या सेलमध्ये जाडी २०, पिच ५, म्हणजे चार पूर्ण वेढे, आणि रबिंग समांतर असल्याने हेलिक्स अगदी त्याच्या नैसर्गिक पिचवर आरामात बसलेला आहे. म्हणजे फाय = दोन पाय × जाडी ÷ पिच. हे शेवटच्या पदात टाका. ते होतं दोन × के-२२ × फाय वर्ग. आणि मधल्या पदात वजा दोन × के-२२ × फाय वर्ग बसलेलाच आहे. गेले दोघे! उरलं फक्त पाय वर्ग × के-११ + के-३३ × फाय वर्ग. के-२२ सूत्रातून साफ गायब.

असं का होतं ते सूत्राशिवाय पण कळतं. ट्विस्टची ऊर्जा "प्रत्यक्ष पीळ वजा हवा तेवढा पीळ" याच्या वर्गावर चालते. हेलिक्स आरामात असताना ही वजाबाकी शून्य. डायरेक्टर थोडासा उचलला तर पिळात फरक पडतो तो उचलण्याच्या कोनाच्या वर्गाइतका, आणि ऊर्जा परत त्याचा वर्ग, म्हणजे कोनाचा चौथा घात. थ्रेशोल्ड ठरतो दुसऱ्या घातावर. म्हणजे ट्विस्टची स्प्रिंग तिथे झोपलेलीच असते, तिचा कडकपणा तुम्हाला कसा जाणवणार? स्प्रिंगचा कॉन्स्टंट मोजायचा तर आधी ती ताणली तर पाहिजे. कुठलीही पद्धत निवडताना मी स्वतःला हाच एक प्रश्न विचारतो, की या भूमितीत पीळ खरंच ताणला जातोय का.

तरी सरळसोट यांची कल्पना टाकाऊ नाही हां. पीळ मुद्दाम ताणायचा. ९० अंशाचा ट्विस्टेड सेल घ्यायचा, म्हणजे काचा फाय पक्का धरून ठेवतात, आणि डोपंट थोडा थोडा वाढवत न्यायचा, जाडी भागिले पिच शून्यापासून ०.४ पर्यंत (०.५ च्या पुढे गेलात तर सेल स्वतःच पुढच्या झोनमध्ये उडी मारेल). मग थ्रेशोल्डचा वर्ग विरुद्ध जाडी ÷ पिच ही सरळ रेषा येते आणि तिचा चढ दोन पाय वर्ग × के-२२ ÷ (एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन). के-११ आणि के-३३ दोघेही फक्त इंटरसेप्टमध्ये राहतात, त्यांची गरजच नाही. ५सीबीचे साधारण आकडे धरले (पिकोन्यूटनमध्ये के-११ ६.२, के-२२ ३.५, के-३३ ८.५) तर थ्रेशोल्ड ०.८० व्होल्टपासून ०.९५ पर्यंत जाईल. फरक छोटा आहे पण कपॅसिटन्सने मिलिव्होल्टमध्ये मोजता येतो.

आता जाळीबद्दल. ती हेल्फ्रिच-उरो अस्थिरता आहे. वर लिहिलेला एकसारखा उचलला जाण्याचा थ्रेशोल्ड तुझ्या चार वेढ्यांच्या सेलमध्ये दिसणारच नाही कारण फाय इतका मोठा आहे की के-३३ चं पद डोंगराएवढं होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी थर लाटांसारखे वाकून मोकळे होतात. दोन दिशांच्या लाटा एकत्र म्हणजे तुझी चौकट. कोलेस्टेरिककडे इथे थरांचा गठ्ठा म्हणून बघायचं, थर दाबायला लागणारा जोर के-२२ मधून येतो आणि थर वाकवायला लागणारा के-३३ मधून (तीन अष्टमांश के-३३, नेमकं सांगायचं तर). त्यामुळे जाळीच्या फील्डमध्ये के-२२ × के-३३ या गुणाकाराचं चौथं मूळ येतं आणि खाली √(पिच × जाडी). म्हणजे एकटा के-२२ मिळत नाही, गुणाकार मिळतो.

जाळीचा पिरियड मात्र के-३३ ÷ के-२२ या भागाकारावर जातो, म्हणून वाटतं की गुणाकार आणि भागाकार दोन्ही मिळाले की सुटलं. कागदावर सुटलंच. पण पिरियडमध्ये हा भागाकार चौथ्या मुळात असतो, म्हणजे पिरियड मोजताना ५ टक्के चुकलास तर भागाकार २० टक्के चुकला. जाळी दिसते देखणी, फोटो थीसिसमध्ये जरूर टाक, पण आकडा तिच्यावर बेतू नकोस.

---

पीळ_उलगडेना

@जुनाट_ऑसिलोस्कोप सर, लाजच वाटतेय. पीकच होते. स्कोपवर चौकोन मोजून लिहिले होते. आत्ता मीटर लावला, सेलवर ८.४ आरएमएस. म्हणजे के-२२ तुम्ही म्हणालात तसा ४.६.

@अर्धवट_गणिती बाप रे, के-२२ कटतो हे दोनदा कागदावर करून बघितलं, खरंच कटतो. मग द जेनच्या पद्धतीत तो कटत नाही हे बरोबर ना? कारण तिथे पीळ शेवटपर्यंत ओढून सोडवतोय.

पण ४.६ तरी का? ३० टक्के अजून जास्त आहे. आणि उतरतानाचा प्रश्न तसाच आहे. चढताना ८.४ ला काळं, उतरताना ५ च्या आसपास रेषा दिसायला लागतात, आणि तो ५ पण आज ५.२ उद्या ४.६. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं चाललंय, फक्त माझ्याकडे उलटंही होतं, एकदा गेला की परत यायचं नाव नाही.

---

सेलवाली

हो, कटत नाही. १९६८ मध्ये द जेन आणि मायर दोघांनी वेगवेगळं हे गणित केलं तेव्हा त्यांनी फील्ड हेलिक्सच्या अक्षाला काटकोनात धरलं होतं. अशा फील्डमध्ये रेणूंचा फील्डकडे बघणारा भाग रुंद होत जातो आणि जिथे १८० अंश फिरायचं तो भाग चिंचोळी भिंत होऊन बसतो. या भिंती एकमेकींपासून लांब लांब जातात आणि क्रिटिकल फील्डला पिच अनंत होते. गंमत म्हणजे हे सगळं अगदी शेवटी घडतं. क्रिटिकलच्या ७७ टक्के फील्डला पिच जेमतेम ८ टक्के वाढलेली असते. त्यामुळे "रेषा विरळ व्हायला लागल्या" असं डोळ्याने दिसतं तेव्हा तू टोकावरच उभा असतोस.

आता तुझा सेल. तुझा हेलिक्स सुरुवातीला फील्डला समांतर उभा आहे, म्हणजे द जेनची भूमिती नाहीच. तो आधी जाळी करतो, मग आडवा पडतो (त्या फिंगरप्रिंट रेषा म्हणजे आडवा पडलेला हेलिक्स, दोन रेषांमधलं अंतर अर्धी पिच) आणि तिथून पुढे मात्र भूमिती द जेनची होते. म्हणून पद्धत चालते, पण अटींवर.

पहिली अट, वाट बघणं. द जेनचं फील्ड हे समतोलाचं फील्ड आहे, म्हणजे पिळलेली आणि सुटलेली अवस्था ऊर्जेने सारखी होते ते. तिथे पोचलं म्हणून पीळ आपोआप सुटत नाही. भिंत अशीच विरून जाऊ शकत नाही, रेषेला टोक लागतं, आणि ते टोक मागे सरकत सरकत रेषा संपते. सेलमध्ये टोकं कमी असतील, किंवा तू नॉब फिरवत राहिलास, तर समतोल मागे टाकून पुढे निघून जातोस. ८.४ हा तसाच ओव्हरशूट आहे. उतरताना उलटं, काळ्या भागात पीळ नव्याने जन्मायला कुठेतरी बीज लागतं, धूळ, स्पेसर, इलेक्ट्रोडचा काठ. तुझे ४.६-५.२ म्हणजे बीज कुठे सापडलं त्याचा हिशोब आहे, मटेरियलचा नाही. तेव्हा चढतानाचा की उतरतानाचा याचं उत्तर, दोन्ही नाही.

मी काय करते सांगते. काळं करायचं, मग खाली येऊन थोड्या रेषा आत येऊ द्यायच्या, अर्धा भाग काळा अर्धा रेषांचा असा झाला की एका रेषेचं टोक क्रॉसवायरवर पकडायचं. आता ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जायचं आणि प्रत्येक पायरीला टोक पुढे सरकतंय का मागे हे बघायचं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, जेवढं लागेल तेवढं. टोकाचा वेग विरुद्ध व्होल्टेज काढायचा, जिथे वेग शून्य ओलांडतो तो तुझा आकडा. कंटाळवाणं आहे पण हा आकडा दर वेळी तोच येतो आणि चढताय का उतरताय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

दुसरी अट डेल्टा-एप्सिलॉन. तू ११.५ कुठून आणलास? शुद्ध ५सीबीचाच असणार. डोपंटने क्लिअरिंग पॉइंट (ज्या तापमानाला लिक्विड क्रिस्टलपणा संपतो तो) खाली येतो, ५सीबी मुळातच ३५ अंशाला संपतं, तू २५ वर आहेस म्हणजे थोडासा बदलही ऑर्डर पॅरामीटरला (रेणू किती एका दिशेत आहेत त्या मापाला) जाणवतो, आणि इलॅस्टिक कॉन्स्टंट तर ऑर्डर पॅरामीटरच्या साधारण वर्गावर जातात. सुदैवाने तुझ्या याच सेलमध्ये दोन्ही एप्सिलॉन मिळतात. जाळीच्या खूप खाली, अर्ध्या व्होल्टला वगैरे, हेलिक्स उभा असतो आणि सगळे रेणू फील्डला आडवे, म्हणजे कपॅसिटन्सवरून थेट एप्सिलॉन-लंब. आणि काळं झाल्यावर व्होल्टेज अजून वाढवत कपॅसिटन्स विरुद्ध १ ÷ व्होल्टेज काढून शून्यापर्यंत रेषा लांबवलीस की एप्सिलॉन-समांतर. रिकाम्या सेलचा कपॅसिटन्स भरायच्या आधी घेतलायस ना? नसेल घेतला तर पुढच्या सेलपासून सवय लाव.

तिसरं, काचेजवळचा थर. पॉलिइमाइड रेणूंना आडवं धरतं, त्यामुळे "सगळं काळं" झालं तरी दोन्ही काचांना लागून अर्धा-पाऊण मायक्रॉनचा पट्टा पूर्ण उभा नसतो. २० मायक्रॉनमध्ये हे खपून जातं, ५ मायक्रॉनच्या सेलमध्ये खपणार नाही. पातळ सेल वापरून व्होल्टेज वाचवायचा मोह टाळ.

---

जुनाट_ऑसिलोस्कोप

सेलवाली यांच्या यादीत माझी एक भर, फ्रिक्वेन्सी. १ किलोहर्ट्झ ठीक आहे पण एकदा ५ किलोहर्ट्झला पण तोच आकडा येतो का बघ. मटेरियल जुनं असेल तर आयन असतात, कमी फ्रिक्वेन्सीला ते इकडून तिकडे पळत फील्ड झाकतात, कधी कधी तर द्रवच घुसळायला लागतो आणि लोक त्यालाच इलॅस्टिक थ्रेशोल्ड समजतात. दोन फ्रिक्वेन्सींना आकडा सारखा आला तर निश्चिंत हो. डीसी तर लावूच नकोस.

---

अर्धवट_गणिती

सेलवाली यांची टोक पकडायची पद्धत मला फार आवडली, आम्हा कागदवाल्यांना असं सुचत नाही.

मी एक पर्याय देतो ज्यात उतरतानाचाच आकडा वापरता येतो, पण सेल वेगळा लागतो. पॉलिइमाइडऐवजी होमिओट्रॉपिक अलाइनमेंट, म्हणजे काचाच रेणूंना उभं धरतात. आता उभी अवस्था फील्डने टिकवून धरायची आणि व्होल्टेज कमी करत जायचं. बीज मिळालं तर रेषा आधीच येतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं. पण एक व्होल्टेज असं येतं की त्याच्या खाली उभी अवस्था टिकूच शकत नाही, बीज असो नसो, स्वच्छ भागातही सगळीकडे एकदम धुकट उजेड येतो. हा आकडा नशिबावर नाही, गणितावर आहे:

व्होल्टेजचा वर्ग × एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन = पाय वर्ग × के-३३ × [ (दोन × के-२२ × जाडी ÷ (के-३३ × पिच)) चा वर्ग, वजा १ ]

यात एक छान गोष्ट लपलीय. कंसातलं शून्य झालं, म्हणजे जाडी ÷ पिच = के-३३ ÷ (दोन × के-२२), तर फील्ड न लावताच उभी अवस्था तगते. तुझ्या मटेरियलला हा आकडा १.२ च्या आसपास पडतो. म्हणजे पुरेसा पातळ सेल असेल तर काचाच पीळ सोडवून टाकतात, विजेची गरजच नाही.

तुला काय करायचं तर डोपंट निम्मा कर, पिच १० मायक्रॉन होईल. १५, २० आणि २५ मायक्रॉनचे तीन सेल. हिशोबाने व्होल्टेज यायला हवेत ०.६६, १.१९ आणि १.६३. त्यांचे वर्ग विरुद्ध (जाडी ÷ पिच) चा वर्ग, सरळ रेषा. इंटरसेप्टवरून के-३३, आणि चढ भागिले इंटरसेप्टवरून के-२२ ÷ के-३३, तोही डेल्टा-एप्सिलॉन न लागता. प्लेनर सेलपेक्षा हे जास्त स्वच्छ आहे असं माझं मत, आणि इथे पीळ ताणला जातोय का या प्रश्नाचं उत्तर नि:संशय हो आहे, कारण उभ्या अवस्थेत पीळच नाही, स्प्रिंग पूर्ण ताणलेली.

---

सेलवाली

सहमत, फक्त तीन सेलची जाडी प्रत्येकी वेगळी मोजावी लागेल, डब्यावर स्पेसरचा जो आकडा असतो तो धरू नये, रिकाम्या सेलच्या इंटरफेरन्स फ्रिंजेसवरून काढावी. धुकट उजेडाचा क्षण मात्र डोळ्याने नको, फोटोडायोड लावून घे, मी डोळ्याने केलं तेव्हा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा यायचा.

आणि हो, के-११ आणि के-३३ स्वतंत्रपणे तपासायचे असतील तर आर-८११ आणि एस-८११ समसमान घालून मिश्रण कर. दोघांचा पीळ उलटसुलट, एकमेकांना रद्द करतात, राहतं ते साधं नेमॅटिक पण रसायन आणि क्लिअरिंग पॉइंट तुझ्या कोलेस्टेरिकसारखेच. त्यात सरळसोट यांचा फ्रीडरिक्स थ्रेशोल्ड मोज, के-११ मिळेल, आणि थ्रेशोल्डच्या वरचा कपॅसिटन्सचा कर्व्ह फिट केलास तर के-३३.

---

सरळसोट

चला, माझा थ्रेशोल्ड कुठेतरी कामाला आला 😄

के-२२ कटतो हे खरंच माहीत नव्हतं. ९० अंशाच्या सेलची रेषा मी पण काढून बघणार आहे.

जाता जाता, विषयाला थोडं सोडून. सीबी-७-सीबीसारखे वाकडे डायमर (दोन भाग जोडून झालेले रेणू) असतात ना, त्यांच्यात के-३३ इतका कमी असतो की तो के-२२ च्याही खाली जातो. तिथे फील्ड कमी करत आलं की सुटलेल्या अवस्थेतून सरळ काटकोनी हेलिक्स न येता तिरका, शंकूसारखा हेलिक्स येतो. ही शक्यता पण १९६८ मध्येच मांडली गेली होती आणि प्रत्यक्ष दिसली २०१४ मध्ये. त्यात पिच = (दोन पाय ÷ फील्ड) × √(के-३३ ÷ (एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन)), म्हणजे पिच विरुद्ध १ ÷ फील्ड रेषेचा चढ सरळ के-३३ देतो, आणि ही अवस्था जिथे सुरू होते त्या फील्डवरून के-२२. व्होल्टेज फिरवलं की रंग बदलतात, त्यामुळे स्पेक्ट्रोमीटरनेच पिच मोजता येते.

---

अर्धवट_गणिती

आणि सुरुवातीचं ते फील्ड माझ्या होमिओट्रॉपिक सूत्रातूनच येतं, जाडी अनंत करा, के-२२ × दोन पाय ÷ (पिच × √(एप्सिलॉन-नॉट × डेल्टा-एप्सिलॉन × के-३३)). ५सीबीमध्ये के-३३ मोठा म्हणून ते द जेनच्या फील्डच्या खूप खाली राहतं आणि रेषा आधी बाजी मारतात, डायमरमध्ये क्रम उलटतो. गणित तेच, फक्त के-२२ च्या मानाने के-३३ किती लहान.

---

पीळ_उलगडेना

उशीर झाला लिहायला, चार दिवस फक्त टोकं बघत होतो.

७.२ ला रेषा हळूहळू पसरतात, ७.४ ला अगदी कूर्मगतीने, ७.८ ला टोक नक्की मागे जातं. ७.६ ला एक टोक वीस मिनिटं बघितलं, क्रॉसवायरवरून हललं नाही (मीच दोनदा डुलकी घेतली). दुसऱ्या जागी, दुसऱ्या सेलमध्ये पण ७.६. ५ किलोहर्ट्झला पण तेच. चढून आलो काय उतरून आलो काय, फरक नाही.

त्यावरून के-२२ ३.८ पिकोन्यूटन, पण हा अजून उसन्या ११.५ वरच आहे. रिकाम्या सेलचा कपॅसिटन्स अर्थातच घेतला नव्हता 🙈 त्यामुळे नवीन सेल बनवून परत सगळं, या वेळी आधी रिकामा मोजून. आर-८११ पण मागवलंय.

एक शंका राहिली. वेजमध्ये पिच मोजली ती खोलीच्या तापमानाला, सेल मात्र हॉट स्टेजवर २५ ला होता. खोली त्या दिवशी २८-२९ असेल. एस-८११ ची पिच तापमानाने इतकी बदलते का की परत मोजावी? पिच पण वर्गातच जाते म्हणून भीती वाटतेय.

---

सेलवाली

मोज. वेज उचलून त्याच हॉट स्टेजवर ठेव, अर्ध्या तासाचं काम आहे. पिच २ टक्के चुकली तर के-२२ ४ टक्के चुकला, आणि तू आता अशा ठिकाणी आलायस जिथे ४ टक्के दिसतात.